पॉलीहाऊसचा पेपर आणि यवतमाळचं ऊन

पॉलीहाऊस उभारताना सगळ्यांचं लक्ष पाइपांकडे असतं. पाइप किती इंची, जस्ताचा थर कसा, पाया किती खोल, याची बारीक चौकशी होते. वरच्या प्लॅस्टिकचा, म्हणजे आपण ज्याला पेपर म्हणतो त्याचा व्यवहार मात्र ‘दोनशे मायक्रॉनचा टाकून देतो’ एवढ्या एका वाक्यावर उरकतो. सांगाडा पंधरा-वीस वर्षं उभा राहतो. पेपर चांगला असला तर तीन-चार वर्षं टिकतो, हलका असला तर एखाद-दोन उन्हाळ्यांत जातो.

दारव्हा तालुक्यात माझं दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे. त्याचा पहिला पेपर दुसऱ्याच उन्हाळ्यात गेला. आत ढोबळी मिरचीची तोडणी सुरू होती. एप्रिलमधल्या अवकाळी वादळात छपराच्या चिंध्या झाल्या आणि पुढच्या काही दिवसांत उघड्यावर पडलेलं पीक उन्हाने करपलं. बसवून देणाऱ्या ठेकेदाराचं उत्तर होतं, ‘वाऱ्यापुढे कोणाचं चालतं?’

चिंध्या गोळा करताना वेगळंच दिसलं. जवळजवळ प्रत्येक फाट पाइपाच्या रेषेत होती. दोन पाइपांमधला पेपर अजून लवचिक होता, पण पाइपाला टेकलेला पट्टा पापडासारखा मोडत होता. रोलचा उरलेला तुकडा मोजला, तर तो दीडशे मायक्रॉनच्याही आत निघाला. बिलावर नुसतं ‘प्लॅस्टिक पेपर’ लिहिलेलं, त्यामुळे दाद मागायची कशाच्या आधारावर? वाऱ्याने शेवटचा घाव घातला हे खरं, पण तो पेपर त्याआधीच उन्हाने मेलेला होता. आपल्या भागात पेपर निवडायचा तो आधी उन्हासाठी, मग वाऱ्यासाठी. मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

पॉलिथिनच्या लांबलचक साखळ्या उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटत जातात. हवेतला प्राणवायू त्यात भर घालतो आणि उष्णतेने हे काम आणखी वेगाने होतं. साधं पॉलिथिन म्हणूनच उघड्यावर फार टिकत नाही. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमरी एमर्ट यांनी १९४८ मध्ये काचेऐवजी प्लॅस्टिक वापरून हरितगृह उभारलं. स्वस्त हरितगृहाचा रस्ता तिथून मोकळा झाला, पण प्लॅस्टिकला उन्हापासून वाचवायचा प्रश्न मागे राहिला. त्यावरचा उपाय म्हणजे पेपर तयार करतानाच त्यात मिसळलेली अतिनीलरोधक द्रव्यं. ती डोळ्यांना दिसत नाहीत. नवा असताना चांगला पेपर आणि हलका पेपर सारखाच चमकतो. फसवणूक होते ती इथेच.

घेताना

पहिली गोष्ट मानकाची. हरितगृहाच्या पेपरसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५८२७ : २००९. अनुदानाच्या योजनेतही याच मानकाचा, २०० मायक्रॉनचा, अतिनीलरोधक, अनेक थरांचा आणि किमान ८५ टक्के प्रकाश आत सोडणारा पेपर सांगितलेला आहे. हा मानक क्रमांक, जाडी, उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि हमीची वर्षं बिलावर लिहून घ्या. तपासणी प्रमाणपत्राची प्रत मागा. तोंडी हमीला किंमत नाही. लेखी हमीतही ‘कशामुळे हमी रद्द होईल’ हा भाग आधी वाचा.

दुसरी गोष्ट जाडीची. ती तुम्ही स्वतः तपासू शकता. २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिलिमीटर, म्हणून पाच पदर एकावर एक दाबून धरले की बरोबर १ मिलिमीटर भरला पाहिजे. स्क्रू गेज कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो. रोलच्या दोन्ही कडांना आणि मध्ये, अशा तिन्ही जागी मोजा.

त्याहून सोपा उपाय तराजू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन कापून वजन करा. २०० मायक्रॉनचा तुकडा १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो, १५० मायक्रॉनचा १४० च्या आत. छप्पर आणि बाजू मिळून दीड हजार चौरस मीटर पेपर लागत असेल, तर खऱ्या मालाचं वजन सुमारे २७८ किलो व्हायला हवं. दीडशेचा माल आला तर तेच २०८ किलो होईल. सत्तर किलो प्लॅस्टिकचे पैसे आपण उगाच मोजायचे का? गाडी आली की रोल आधी काट्यावर चढवा, मगच पैशांचं बोला.

तिसरी गोष्ट प्रकाराची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि नवतप्यात तर आत उभं राहवत नाही. इथे प्रकाश पसरवून आत सोडणारा, दुधट दिसणारा डिफ्यूज्ड पेपर घ्यावा. त्याने पानं करपणं कमी होतं आणि खालच्या पानांनाही उजेड मिळतो. बांधकामाची पन्नी किंवा ताडपत्रीचा कागद स्वस्तात मिळतो म्हणून छपरावर कधीही चढवू नका.

बसवताना

रोल बसवेपर्यंत सावलीत ठेवा. भर दुपारी पेपर ताणू नका. तापलेला पेपर सैल होतो, मजूर तो ओढून बसवतात आणि डिसेंबरच्या रात्री आकसल्यावर त्याच्यावर भलता ताण येतो. कडाक्याच्या थंडीत बसवला तर उन्हाळ्यात ढिला पडून वाऱ्यात फडफडत राहतो. पावसाळा सरल्यावरची, वारा पडलेली सकाळ सगळ्यात चांगली. पेपरची कोणती बाजू आत घ्यायची हे कडेला छापलेलं असतं. उलटा बसला तर आतल्या बाजूने साचलेलं पाणी थेंबाथेंबाने पिकावर पडतं आणि रोग वाढतो.

खिळे, तारा, सुतळी यांनी पेपर बांधू देऊ नका. ॲल्युमिनियमचं प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंग हीच खरी पकड. पाइपांची धार, वेल्डिंगचे खडबडीत टोक घासून घ्या.

सगळ्यात मोलाचं काम पाइपावरच्या पट्ट्याचं. उन्हात लोखंडी पाइपाला हात लावला तर चटका बसतो. पेपर त्याला दिवसभर चिकटून असतो. पेपर ताणून झाल्यावर पाइपाच्या रेषेत बाहेरून पांढऱ्या पाण्यातल्या रंगाचा पट्टा मारा. ऊन परततं, पाइप कमी तापतो. थिनरचा तेलरंग नको, तो पेपरलाच खातो. पीव्हीसी पाइपही पेपरला टेकू देऊ नका, त्यातल्या क्लोरिनमुळे अतिनीलरोधक द्रव्यं निकामी होतात.

सांभाळताना

भुरीवर आपण गंधक वापरतो. गंधक आणि क्लोरिनयुक्त औषधं पेपरचं आयुष्य कमी करतात. आत गंधक जाळू नका आणि फवारा छपरावर उडणार नाही असा नोझल धरा. धुळीने उजेड घटतो, म्हणून पऱ्हाटीचा हंगाम संपला की मऊ कुंच्याने आणि पाण्याने छप्पर धुवा. वादळाची चाहूल लागली की बाजूचे पडदे लगेच खाली करा. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. बोटभर फाट दिसली तरी त्याच दिवशी हरितगृहाच्या पेपरची चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा. जुना पेपर धुऱ्यावर जाळू नका, पुनर्वापरासाठी भंगारात द्या.

काही अडलं तर यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. उभारणीआधी तळेगाव दाभाडे इथल्या फलोत्पादन प्रशिक्षण केंद्रातलं प्रशिक्षण घेतलं तर ठेकेदाराला नेमकं काय विचारायचं ते कळतं. अनुदान घेणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका.

शेवटचं सांगणं पैशांचं. पेपर हा एकदाचा खर्च नाही, उत्तम पेपरही तीन-चार वर्षांनी बदलावाच लागतो. आपल्या जिल्ह्यात कर्जाचं ओझं काय करतं हे कोणाला सांगायची गरज नाही. म्हणून नव्या पेपरची आजची किंमत काढा, तिला तीनने भागा आणि दर वर्षीच्या पहिल्या तोडणीतून तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. बदलायची वेळ येईल तेव्हा सावकाराच्या दारात जावं लागणार नाही, आणि हाती रोख असल्याने चांगला माल वजन करून, मानक पाहून, बिलासकट घेता येईल.