लेकराचं लक्ष लागत नाही? तपासणीला खर्च किती, वाचतो कुठे

मूल जागेवर बसत नाही, वही अर्धीच सोडतं, अशी शाळेतून तक्रार आली की वाशिम जिल्ह्यातले बरेच पालक थेट अकोल्याची एसटी धरतात. त्याआधीची तपासणी जवळच होते, तीही मोफत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. त्याच्या यादीत एडीएचडी, म्हणजे अवधानाचा आजार, आहे. पथक शाळेत कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. तिथे डोळे, कान, हिमोग्लोबिन आधी बघून घ्या. डॉक्टर म्हणाले तर थायरॉइडही. कमी ऐकू येणारं किंवा रक्त कमी असलेलं लेकरूही वर्गात हरवल्यासारखंच दिसतं. काही सेकंद टक लावून बसत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर ती फिटही असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सगळ्यात जास्त पैसा नको त्या तपासण्यांत जातो. एडीएचडी रक्तात सापडत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसत नाही. लक्षणं सहा महिने टिकली का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, यावर निदान ठरतं. म्हणून मूल वर्गात कसं वागतं, हे वर्गशिक्षकांकडून अर्धं पान लिहून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. ते फुकट मिळतं आणि महागड्या स्कॅनपेक्षा कामाचं असतं.

खासगी समुपदेशन किंवा थेरपी घ्यायची असेल तर एका सत्राची फी, महिन्याची सत्रं आणि लेखी अहवालाचे वेगळे पैसे आधी विचारा. त्यात एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत हाच आकडा फीपेक्षा जड होतो.

दिव्यांग प्रमाणपत्राबाबत फसू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि सिकलसेल आहेत. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राला, शुल्क नाही, एजंटला पैसे देऊ नका. 40 टक्के दिव्यांगत्व ठरलं तर एसटीत 75 टक्के सवलत मिळते.

प्रमाणपत्र नसलं तरी पुढचा बाक, छोटे छोटे गृहपाठ, मध्ये थोडी विश्रांती एवढं शाळा बिनखर्चात करू शकते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा, ही मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. घरी ताण असह्य झाला तर 14416 या टेली मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.