गिटारीची मान व तारेची खरखर



वाद्य बिघडलें म्हणजे तें एकदम मुकें होत नाहीं. प्रथम तें तक्रार करूं लागतें. त्या तक्रारीचें कारण शोधावयाचें, कीं हातीं येईल तें हत्यार घेऊन तिचें तोंड बंद करावयाचें, हा प्रश्न वाजविणाऱ्यापुढें उभा राहतो. इलेक्ट्रिक गिटार वाजविणारे विद्यार्थी आमच्या शाळेंत आतां बरेच झाले आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकांस तारेच्या खरखरीचा अनुभव आलेला आहे. ह्या खरखरीस ते ‘फ्रेट बझ’ म्हणतात. तिच्याविषयीं चार उपयोगी गोष्टी सांगाव्या, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तीन दिवस आधींची गोष्ट. तालमीच्या खोलींत दहावीचा एक विद्यार्थी मांडीवर गिटार आडवी घेऊन बसला होता. पहिल्या चार पडद्यांवर बोट ठेवलें कीं तार खरखरत होती. पुढील पडद्यांवर मात्र स्वर स्वच्छ येत होता. सर्व पडदे कानशीनें घासावे लागतील, असें त्यास एका दुकानांत सांगण्यांत आलें होतें. परंतु तितके पैसे त्याच्यापाशीं नव्हते. गिटारही त्याची स्वतःची नसून मामाची होती. त्याच्या हातांत षट्कोनी किल्ली होती, व ती मानेच्या टोकाशीं घालून तो जोर लावण्याच्या बेतांत होता.

“अरे, काय करतोस?” आम्हीं विचारलें.

“सर, आवाज करते म्हणजे मान ढिली झाली असणार. जरा आवळतों.”

आम्हीं त्याचा हात धरला.

हात धरण्यास कारण होतें. कॉलेजांत असतांना आम्हींही वसतिगृहांतील एका मित्राची गिटार अशीच ‘दुरुस्त’ करावयास घेतली होती. किल्ली किंचित् लहान होती, पण चालेल असें वाटलें. ती फिरेना, तेव्हां आम्हीं अधिक जोर केला. प्रथम चाकीचे कोपरे झिजले. मग पक्कड लावली. मग आंतून ‘कट्’ असा आवाज आला आणि किल्ली एकाएकीं मोकळी फिरूं लागली. सळई तुटली होती. ती बदलावयाची म्हणजे मानेवर चिकटविलेली पट्टी उखडून काढावयाची, आणि तो खर्च त्या गिटारीच्या किमतीहून अधिक होता. मित्र आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. परंतु तो आवाज आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

आतां ही सळई कशासाठीं असते तें पाहूं. गिटारीचे मुख्य भाग दोन: धड व मान. मानेच्या दर्शनी बाजूस लांकडी पट्टी असून तिजवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. मानेच्या माथ्याशीं खांचा असलेली एक लहान पट्टी असते, व धडावर तारांची घोडी असते. ह्या दोहोंमध्यें सहा तारा ताणलेल्या असतात. नेहमींच्या स्वरांत लावल्या असतां जाड तार सेकंदास सुमारे ८२ व बारीक तार सुमारे ३३० कंपनें करते. फेंडरच्या गिटारींत माथ्याकडील पट्टी व घोडी ह्यांमधील तारेची लांबी साडेपंचवीस इंच धरतात. इतक्या लांबीवर, जिची सर्वांत बारीक तार इंचाच्या हजारांश दहा भाग जाडीची आहे अशा संचाचा एकूण ताण सुमारे १०० पौंड, म्हणजे सुमारें ४५ किलो, इतका होतो. एखाद्या मोठ्या मुलाचें वजन त्या मानेस रात्रंदिवस लोंबकळत असावें, तशी ही स्थिति आहे.

धनुष्याची दोरी ओढली म्हणजे काठी जशी वांकते, तशी ह्या ताणानें मान पुढें, म्हणजे तारांच्या बाजूस, वांकूं पाहते. ह्यावर उपाय म्हणून मानेच्या पोटांत एक पोलादी सळई बसवितात. तिला ‘ट्रस रॉड’ हें नांव आहे. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत कॅलामझू येथें त्या काळीं असलेल्या गिब्सन कारखान्यांतील थॅडियस मॅकह्यू ह्यांनीं आवळतां-ढिली करतां येणाऱ्या अशा सळईच्या पेटंटसाठीं १९२१ सालीं अर्ज केला, व १९२३ सालीं त्यांस तें मिळालें. पुढें १९५० सालीं कॅलिफोर्नियांत फुलरटन येथें लिओ फेंडर ह्यांच्या कारखान्यांतून ज्या पहिल्या गिटारी बाहेर पडल्या, त्यांत ही सळई नव्हती. परंतु त्याच वर्षांत ती बसविण्यांत येऊं लागली. कठीण लांकडासही साह्य लागतें, असा ह्याचा अर्थ.

सळईच्या एका टोकास मळसूत्र असून त्यावर चाकी असते. चाकी कोठें माथ्यापाशीं लहानशा झांकणाखालीं, तर कोठें धडाच्या बाजूस असते. चाकीकडे समोरून पाहत असतां ती घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविली म्हणजे सळई आवळते व मान मागें जाते. उलट फिरविली म्हणजे सळई सैल पडून तारांचा ताण मानेस पुढें ओढतो. सारांश, तारा व सळई ह्यांची ही रस्सीखेंच आहे, आणि मान मधोमध उभी आहे.

येथें विद्यार्थी विचारतील, “मग मान अगदीं सरळ ठेवली म्हणजे झालें ना?” नाहीं. मोकळी तार छेडली असतां तिचीं दोन्ही टोकें स्थिर राहतात व मधला भाग सर्वांत अधिक झुलतो, हें भौतिकशास्त्राच्या तासास तुम्हीं पाहिलेलेंच आहे. त्या झुलण्यास जागा हवी. मान अगदीं ताठ असली, किंवा मागें वांकून मध्यें फुगलेली असली, तर झुलणारी तार पुढील पडद्यांवर आपटते. तें आपटणें म्हणजेच खरखर. म्हणून मानेस अगदीं सूक्ष्म असा पुढचा बाक ठेवावा लागतो. किती सूक्ष्म? फेंडरच्या नेहमींच्या गिटारींस इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे मिलिमीटरचा एक चतुर्थांश. वहीचीं दोन-तीन पानें एकावर एक ठेवावीं, इतकें तें अंतर होय.

परंतु प्रत्येक खरखर मानेचीच नसते. ती कोठें येते हें प्रथम कानानें ओळखावें. सर्व तारा पहिल्या चार-पांच पडद्यांवर खरखरत असतील, तर मानेंत बाक कमी आहे किंवा ती मागें गेली आहे, असा संशय घ्यावा. बाराव्या पडद्यापलीकडेच खरखर असेल, तर बाक फार झाला असेल किंवा घोडीवर तारा फार खालीं असतील. सगळीकडेच सारखी असेल, तर तारांची उंची पाहावी. मोकळी तार तेवढी खरखरत असेल व दाबतांच स्वच्छ वाजत असेल, तर माथ्याकडील पट्टीची खांच खोल झाली असावी. आणि एकाच ठिकाणीं असेल, तर पुढचा एखादा पडदा उंच झाला असेल. ह्या पांचांपैकीं सळईचा संबंध पहिल्या दोहोंशींच आहे. बाकीच्या ठिकाणीं सळई फिरविणें म्हणजे दांत दुखत असतां डोळ्यांत औषध घालणें होय.

आमच्या विद्यार्थ्याची खरखर पहिल्या प्रकारची होती. आम्हीं त्यास विचारलें, “ती कधींपासून येऊं लागली?”

“पंधरा दिवस झाले, सर.”

“त्या सुमारास गिटारींत कांहीं बदललें होतेंस?”

तो थोडा थांबला व म्हणाला, “तारा बदलल्या, सर. पूर्वीच्या दहाच्या होत्या. बोटें दुखतात म्हणून नवाच्या घातल्या.”

कारण हातीं लागलें! दहाच्या संचाचा ताण सुमारे १०० पौंड. नवाच्या संचाचा सुमारे ८५. तारांकडील ओढ पंधरा पौंडांनीं कमी झाली, सळई मात्र पूर्वीइतकीच आवळलेली राहिली, आणि रस्सीखेंचींत मान मागें ओढली गेली. म्हणजे रोग ढिलेपणाचा नसून अति आवळण्याचा होता. विद्यार्थी किल्ली फिरविणार होता ती नेमकी उलट दिशेनें! आवाज आला कीं आवळावें, असें आपणां सर्वांसच वाटतें. खिडकी वाजते, सायकलचा पंखा वाजतो, तेथें तें खरेंही असतें. येथें मात्र तसें नव्हतें.

अनुमान झालें तरी मापाशिवाय हात लावावयाचा नाहीं, असें आम्हीं ठरविलें. त्याची रीत अशी. प्रथम सर्व तारा आपल्या नेहमींच्या स्वरांत लावाव्या. कारण ताण बदलला कीं मानही बदलते. गिटार वाजवितांना धरतों तशीच धरावी. पाठीवर निजवूं नये. पहिल्या पडद्यावर कॅपो लावावा. मग जाड तार शेवटच्या पडद्यावर बोटानें दाबावी. आतां ती तार सरळ पट्टीचें काम करते. आठव्या पडद्याचा माथा व तार ह्यांमध्यें किती फट राहते तें फीलर गेजच्या पात्यानें मोजावें. मोटारींचे कारागीर व्हॉल्व्हची फट मोजण्यास हेंच साधन वापरतात. आम्हीं तें शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलें. आमच्या गिटारीस फट मुळींच नव्हती; तार आठव्या पडद्यास चिकटून होती. अनुमान खरें ठरलें.

किल्ली चाकींत पूर्ण व घट्ट बसते कीं नाहीं हें आम्हीं दोनदां पाहिलें. कांहीं गिटारींस इंचांच्या मापाची, तर कांहींस मिलिमीटरच्या मापाची किल्ली लागते, आणि ‘जवळपास’ची किल्ली चाकीचा नाश करते, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. मग घड्याळाच्या उलट दिशेनें पाव फेरा, आणि त्याहून रेसभरही अधिक नाहीं. (आवळावयाचें असेल त्या वेळीं आधीं तारा थोड्या उतरवाव्या, म्हणजे चाकीवर भार येत नाहीं.) तारा पुन्हां स्वरांत लावून मोजलें. फट आली, पण कमी. आणखी अर्धपाव फेरा दिला व गिटार तशीच ठेवून दिली. कारण लांकूड पुष्कळदां लगेच हुकूम ऐकत नाहीं, त्यास बसावयास वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशीं मोजलें, तों इंचाच्या शंभराव्या भागाचें पातें अलगद जात होतें. विद्यार्थ्यानें पहिल्या पडद्यापासून एकेक स्वर वाजविला. खरखर गेली होती. एका ठिकाणीं किंचित् राहिली. परंतु ॲम्प्लिफायरमधून ती ऐकूं येत नव्हती, म्हणून ती तशीच राहूं दिली. मग घोडीवरील तारांची उंची पाहिली, आणि शेवटीं बाराव्या पडद्यावरील स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट कंपनांचा येतो कीं नाहीं हें तपासलें. हा क्रम मोडूं नये: आधीं स्वर, मग बाक, मग उंची, आणि सर्वांच्या शेवटीं सुरेलपणा. पडदे घासावे लागले नाहींत. पैसाही खर्च झाला नाहीं.

हवेंतील ओलावा वाढला-घटला कीं लांकूड फुगतें व आकसतें. म्हणून पावसाळा सरल्यावर व उन्हाळा लागल्यावर हें माप एकदां पाहावें. किल्ली फिरत नसेल, पूर्ण एक फेरा होऊनही फरक पडत नसेल, किंवा मान पिळलेली दिसत असेल, तर तेथेंच थांबून जाणत्या कारागिराकडे जावें. थांबण्यांत कमीपणा नाहीं.

जातां जातां आपल्या मुलखांतील एका वाद्याची आठवण होते. जी खरखर गिटारींतून आम्हीं घालविली, तिच्याच जातीचा झंकार मिरजेचे कारागीर तंबोऱ्यांत मोठ्या कष्टानें आणतात. तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तिचा माथा घासून किंचित् उतरता करतात, व तार आणि घोडी ह्यांमध्यें सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या पृष्ठास स्पर्श करीत कंप पावते, आणि त्यामुळें एका तारेंतून अनेक उपस्वर उमटतात. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं तंबोरा व वीणा ह्यांच्या ह्याच गुणावर १९२१ सालीं निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे मॅकह्यू ह्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला त्याच वर्षीं. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. तेव्हां तारेचा स्पर्श हा स्वतः गुणही नव्हे व दोषही नव्हे. कारागिरानें योजिलेल्या जागीं झाला तर तो झंकार. नको तेथें झाला तर खरखर. दोहोंमधील अंतर सुताच्या धाग्याएवढें, किंवा वहीच्या दोन पानांएवढें असतें.

संमेलनाच्या संध्याकाळीं तो विद्यार्थी वाजवीत असतां आम्ही पडद्याआड उभे होतों. कार्यक्रम संपल्यावर तो आला व किल्ली आमच्यापुढें धरून म्हणाला, “सर, ही आपल्यापाशींच ठेवा.” आम्हीं ती त्यास परत दिली. ती कोणत्या दिशेनें व किती फिरवावयाची, आणि फिरविण्यापूर्वीं काय विचारावयाचें, हें त्यास आतां कळलें होतें. किल्ली अशाच्याच हातीं असावी.