विमानाचा मार्ग आणि प्रवासाचा काळ

रायपूरच्या पंडरी भागातील एखाद्या घरचा मुलगा नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोस गेला, म्हणजे ते शहर किती दूर आहे, हा प्रश्न घरात प्रथम निघतो. भिंतीवरील सपाट नकाशा पाहून त्याचे उत्तर देऊ नये. त्यावर पॅसिफिक महासागर ओलांडणारी पूर्वेकडची सरळ रेघच सर्वांत जवळची वाटते. शाळेतील पृथ्वीगोल घ्यावा आणि या दोन शहरांवर एक दोरा ताणून धरावा. दोरा उत्तर-ईशान्येकडे वळतो, तिबेट व सायबेरियावरून सुमारे 70 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हे अंतर सुमारे 13,000 किलोमीटर भरते. अशा मार्गास बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. त्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो.

परंतु विमाने या दोऱ्यावरूनच जातात असे नाही. तिबेटचे पठार सरासरी 4,500 मीटर उंच आहे. विमानातील हवेचा दाब अकस्मात घटल्यास वैमानिकास तातडीने सुमारे 3,000 मीटरपर्यंत उतरावे लागते. येथे तर जमीनच त्याहून उंच!

दुसरे कारण वाऱ्याचे. सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. त्यांस झोतवारे म्हणतात. मुंबई ते रायपूर हे हवाई अंतर सुमारे 950 किलोमीटर आहे. विमानाचा शांत हवेतील वेग ताशी 800 व पश्चिमेचा वारा ताशी 100 किलोमीटर धरल्यास, उड्डाण व अवतरण यांचा वेळ सोडून, येताना 63 मिनिटे व जाताना 81 मिनिटे लागतील. येताना मिळालेला लाभ जाताना फिटतो आणि हिशेब बरोबरीस येतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून 142½ मिनिटेच लागली असती. वाऱ्यामुळे सुमारे सव्वादोन मिनिटे अधिक गेली, कारण विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ राहते.

लांबच्या प्रवासात हा वारा अंतरावरही मात करतो. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई. तो मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर 2016 मध्ये ते प्रथमच पॅसिफिकवरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे 15,300 किलोमीटरांचा, म्हणजे 1,400 किलोमीटरांनी अधिक. तरीही पाठीवरच्या वाऱ्यामुळे प्रवास सुमारे साडेचौदा तासांत पुरा झाला व जवळजवळ दोन तास वाचले. इंधनाची बचत झाली ती निराळीच.

घरच्यांचा गोंधळ मात्र घड्याळाने होतो. पहाटे दिल्लीहून निघालेला प्रवासी त्याच तारखेस सकाळी तेथे उतरतो. उतरण्याच्या स्थानिक वेळेत उन्हाळी घड्याळ चालू असल्यास 12½ तास व हिवाळ्यात 13½ तास मिळवावेत. म्हणजे भारतीय वेळ मिळेल, आणि तीतून निघण्याची वेळ वजा केली की प्रवासाचा खरा काळ हाती येईल.