शॉट हातात नाही, कमरेत असतो!

हॅण्डबॉलच्या ग्राउंडवर नवीन पोरांची एकच तक्रार, "शॉटला जोर नाही." मग लागतात डंबेल्सच्या मागे! पण जोर निघतो पायातून, कमरेतून वळतो आणि मग हातात येतो. मधला भाग, म्हणजे पोट, पाठ आणि नितंब (यालाच कोअर म्हणतात), ढिला असेल तर जोर तिथेच जिरतो. उरलेली हमाली खांदा करतो आणि दुखू लागतो. जम्प शॉटमध्ये तर पायाखाली जमीनच नसते, हवेत सगळं कमरेवर.

नॉर्वेतल्या शाळकरी खेळाडू मुलींनी 6 आठवडे, आठवड्यातून दोनदा, दोरांच्या झुल्यात हातपाय अडकवून कोअरचे व्यायाम केले. त्यांच्या थ्रोचा वेग सुमारे 5 टक्क्यांनी वाढला (हा अभ्यास 2011 चा).

झुला नसेना का, हॉस्टेलच्या खोलीत सतरंजी तर आहे! कोपरांवर प्लँक, 20 सेकंद, तीनदा. मग दोन्ही कुशींवर. कंबर खाली झुकली की थांबायचं, घड्याळ गेलं खड्ड्यात. श्वास मात्र रोखू नका. सिट-अप्सचं शतक ठोकणाऱ्या हिरोंनो, त्यात अंग नुसतं पुढे वाकतं. थ्रोला ते वळावं लागतं. म्हणून शेवटी भिंतीला कूस करून उभे राहा आणि कमरेतून वळत बॉल दोन्ही हातांनी भिंतीवर मारा, प्रत्येक बाजूला 10 वेळा. शेजारच्या रूममधला झोपलेला नाही ना, एवढं बघा.