ऊब आणि ओलावा

हिवाळ्यांत पहाटेच्या वेळीं अंगणांतील चिमणीकडे पाहिलें असतां ती नेहमींपेक्षां बरीच लठ्ठ दिसते. एका रात्रींत ती लठ्ठ झाली असें नव्हे. तिनें आपलीं पिसें फुलवून त्यांच्याखालीं हवा कोंडून धरिलेली असते. आपल्या घरांतील चपटी झालेली कापसाची गादी पिंजाऱ्याकडे दिली म्हणजे तो कापूस पिंजून ती परत करतो. कापसाचें वजन तेवढेंच असतें, तरी गादी पूर्वींपेक्षां उबदार लागते. या दोन्ही गोष्टींचें कारण एकच आहे. तें नीट समजलें म्हणजे बर्फाच्या डोंगरांत पायीं हिंडणारानें आपलें रक्षण कसें करावें हें सहज ध्यानांत येतें. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कपड्याच्या अंगीं स्वतःची ऊब नसते. उष्णता आपलें शरीर उत्पन्न करतें. कपडा ती फक्त निसटूं देत नाहीं. हें काम खरें पाहतां कपडाही करीत नसून त्यांत अडकलेली हवा करते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. मात्र ती वाहूं लागली कीं आपल्याबरोबर उष्णताही घेऊन जाते. यास्तव जो पदार्थ थोडक्या वजनांत पुष्कळ हवा स्थिर धरून ठेवील, तोच थंडीच्या निवारणास उत्तम होय.

असा पदार्थ निसर्गानें पाणपक्ष्यांस दिला आहे. बदक व हंस यांच्या छातीवर वरच्या पिसांखालीं अतिशय मऊ लव असते. इंग्रजींत तिला 'डाऊन' म्हणतात. तिला पिसासारखा ताठ कणा नसतो. एका बिंदूपासून चोहोंकडे बारीक तंतू पसरलेले असतात, व ते एकमेकांना दूर सारून मधल्या पोकळींत हवा कोंडतात. आइसलंडांत आयडर नांवाच्या बदकाची मादी स्वतःच्या छातीची लव उपटून घरट्यांत अंड्यांभोंवतीं पसरते, व तेथील शेतकरी ती घरट्यांतून गोळा करतात. बाजारांतील बहुतेक जाकिटांत मात्र पाळीव हंसांची वा बदकांची लव असते. एक औंस लव किती घन इंच जागा व्यापते यावरून तिची प्रत ठरवितात. ८०० घन इंच व्यापणारी लव ६०० व्यापणारीपेक्षां तेवढ्याच वजनांत अधिक ऊब राखते.

सन १९२२ च्या एव्हरेस्टच्या मोहिमेंत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञांनीं बलूनच्या कापडांत आयडर बदकाची लव भरून शिवलेला कोट नेला होता. इतर मंडळी लोकरीचे व सुती कपडे घालीत; त्यांनीं प्रथम या कोटाची थट्टा केली. परंतु वर चढूं लागल्यावर थट्टा थांबून हेवा सुरू झाला. त्या वर्षीं मे महिन्याच्या २७ तारखेस फिंच व जेफ्री ब्रूस हे सुमारें २७,३०० फूट उंचीपर्यंत पोहोंचले; तोंपर्यंत इतक्या उंचीवर कोणीही चढलें नव्हतें.

एवढी गुणवान वस्तूही एका शत्रूपुढें हार खाते, तो म्हणजे ओलावा. लव भिजली कीं तिचे तंतू एकमेकांस चिकटतात, फुगारा बसतो आणि हवेची जागा पाणी घेतें. पाणी तर स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. हा ओलावा केवळ पावसाचाच असतो असें नाहीं; तो आपल्याच अंगांतूनही येतो. सन १९११ च्या जून महिन्याच्या अखेरीस अंटार्क्टिक खंडावर कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेंतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विन पक्ष्यांचीं अंडीं आणण्यास निघाले. ऐन हिवाळ्यांतील हा प्रवास सुमारें पांच आठवडे चालला, व थंडी शून्याखालीं साठ अंश सेल्सियसपर्यंत गेली. तेथें पाऊस नव्हता. तरीही श्वासाची वाफ व घाम निजण्याच्या थैल्यांतच गोठत राहिला. चेरी-गॅरार्ड यांच्या रेनडियरच्या कातड्याच्या, आंत लवेचें अस्तर असलेल्या थैलीचें वजन सुमारें १८ पौंडांवरून ४५ पौंडांवर गेलें! तिघेही जिवंत परतले. पण रात्रीं त्या थैल्यांत त्यांना ऊब मिळाली नाहीं.

आज महाराष्ट्रांतूनही पुष्कळ तरुण हिवाळ्यांत उत्तराखंडांतील केदारकंठासारख्या बर्फाच्छादित शिखरावर जातात. त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं पुढील नियम ध्यानांत ठेवावे. चढण चढतांना लवेचें जाकीट घालूं नये. त्या वेळीं पातळ कपड्यांचे दोन-तीन थर पुरेत, व घाम येण्यापूर्वींच त्यांतील एक उतरावा. विसाव्यास थांबतांच, अंग निवण्याची वाट न पाहतां, जाकीट चढवावें. अंगालगत सुती बंडी नसावी, कारण सूत घाम धरून ठेवतें. लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची असावी. पाऊस वा ओलें हिम पडत असल्यास वरून पाणी न शिरणारा अंगरखा घ्यावा, आणि पाठीवरील पिशवींत जाकीट व निजण्याची थैली प्लॅस्टिकमध्यें बांधून ठेवावी. थैलींत तोंड खुपसून निजूं नये. सकाळीं ती उलटून उन्हांत वाळवावी. घरीं आल्यावर ती दाबून न ठेवतां सैल ठेवावी. जेथें सतत भिजण्याचाच संभव आहे, तेथें कृत्रिम तंतूंचें जाकीट वजनानें जड असलें तरी अधिक भरंवशाचें असतें.

आणखी एक गोष्ट जिवाच्या मोलाची आहे. थंडीनें कुडकुडणारा सोबती अडखळूं लागला, त्याची जीभ जड झाली, किंवा ऊब न मिळतांच त्याचें कुडकुडणें थांबलें, तर तो मोठ्या संकटांत आहे असें समजावें. ओल्या कपड्यांवरून जाकीट चढविल्यानें त्याचें रक्षण होत नाहीं. त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्यावें, ओले कपडे काढून कोरड्यांत गुंडाळावें, शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावें व तत्काळ मदत मागवावी. त्याचें शरीर पुरेशी उष्णता उत्पन्न करीत नसल्यानें शेजारीं निजून आपली ऊब त्याला द्यावी लागते.

सारांश, भारी किंमतीचें जाकीट विकत मिळतें, परंतु तें कोरडें राखण्याची दक्षता विकत मिळत नाहीं. घाम येण्यापूर्वीं एक कपडा उतरविणें व अंग निवण्यापूर्वीं एक चढविणें, एवढी लहानशी शिस्त ज्याच्या अंगीं बाणली, त्यालाच त्या मूठभर लवेचा खरा उपयोग होतो.