व्यवसाय-संघटनेचा जमाखर्च : एक अभ्यास

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. जो नियम घराला, तोच संस्थेला लागू आहे.

आपले अनेक बांधव लहान कारागीर व दुकानदार आहेत. त्यांच्या संघटनांना नफा वाटून घ्यावयाचा नसतो; परंतु तोटाही सोसवत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, संघटनेचे १२० सभासद आहेत व वार्षिक वर्गणी ३०० रुपये आहे. जमा ३६,००० रुपये. खोलीभाडे १६,०००, कारकुनाचे मानधन १०,००० व छपाई-टपाल ४,००० मिळून खर्च ३०,०००. शिल्लक ६,०००. सारे समाधानी!

आता खर्च दरसाल ७ टक्क्यांनी वाढला आणि वर्गणी तीच राहिली, तर चौथ्याच वर्षी खर्च ३६,७५१ रुपये होतो व तूट सुरू होते. दहा वर्षांनी खर्च सुमारे ५९,००० होऊन तूट २३,००० वर जाते. कोणी पैसा खाल्ला नाही, उधळपट्टी केली नाही, तरी संघटना खचली.

ही तूट लवकर दिसत नाही. स्मरणिकेच्या जाहिराती, एखादी मोठी देणगी किंवा आजीव सभासदांची रक्कम त्या वर्षीची बाजू सावरून नेते. पण आजीव वर्गणी एकदाच मिळते आणि त्या सभासदाची सेवा आयुष्यभर करावयाची असते. ती रक्कम चालू खर्चात घालणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय.

पैशाअभावी चांगले कार्यही थांबते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेले ‘बहिष्कृत भारत’ आर्थिक ओढाताणीमुळे १९२९ साली बंद पडले. विचार तेजस्वी होते. नियमित वर्गणीदारांचे बळ अपुरे पडले.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नेहमीचा खर्च वर्गणीतूनच भागावा.
२. आजीव वर्गणी कायम निधीत जावी; फक्त व्याज वापरावे.
३. दर तीन वर्षांनी सर्वसाधारण सभेने वर्गणीचा फेरविचार करावा.

विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेचे मागील दहा वर्षांचे तपासलेले हिशेब मागून घ्यावेत. प्रत्येक वर्षापुढे केवळ वर्गणी व नेहमीचा खर्च हे दोन आकडे लिहावेत. ज्या वर्षी दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे गेला, तेथे खूण करावी आणि तो कागद पुढील सभेत मांडावा. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे, सभासदाचे ते कर्तव्य आहे.