पोट दगडासारखं, तरी कंबर का दुखते?



आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. वय वीस. पोलीस भरतीची तयारी, रोज शंभर सिट-अप्स. "सर, पोट दगडासारखं झालंय, मग सकाळी कंबर का धरते?"

मी त्याला हाताची घडी घालून, डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. पाच सेकंदांतच पाय टेकला!

पोट म्हटलं की मुलांना फक्त सिक्स पॅक दिसतात. पण कमरेच्या पाच मणक्यांना सावरायला आतले स्नायूही लागतात. पोटाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस, मणक्यांना बिलगलेले छोटे मल्टिफिडस, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. एखाद्या डब्यासारखी ही रचना आहे. या स्नायूंत नुसती ताकद असून भागत नाही, ते वेळेवर कामाला लागावे लागतात. ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की निरोगी माणूस हात झटकन उचलतो तेव्हा खांद्याच्या स्नायूआधीच ट्रान्सव्हर्सस आवळतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा आवळतो. (उशिरामुळे दुखतं की दुखण्यामुळे उशीर होतो, यावर तज्ज्ञांचा वाद आहे.)

सिट-अप्समध्ये कणा पुन्हा पुन्हा वाकतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब येतो. म्हणून कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल कणा न वाकवता करायचे व्यायाम सुचवतात. त्यातला वर्गात सहज घेता येण्यासारखा एक: हात-गुडघे टेकून घोडा व्हायचं, उजवा हात पुढे, डावा पाय मागे, आठ-दहा सेकंद थांबायचं. मग बाजू बदलायची. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं सांगा, मुलं बरोबर स्थिर राहतात. दुसरा, कोपरावर टेकून कुशीवरचा प्लँक. आणि तोलासाठी आपलं वृक्षासन आहेच, जे आपण २१ जूनच्या फोटोपुरतंच घेतो!

पालकांनी एक लक्षात ठेवावं. तरुणांची बहुतेक कंबरदुखी साधीच असते, त्यासाठी दिवसच्या दिवस झोपून राहू नये. पण पायात बधिरपणा किंवा कमजोरी आली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप असला, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

त्या मुलाने सिट-अप्स बंद करून दीड महिना झाला. सकाळी कंबर धरत नाही म्हणतो. डोळे मिटून मात्र अजून बारा सेकंदच!